तळ्याची पातळी

आम्ही राहायला आलो तेव्हा इथे अकरा कुटुंबं होती. या जागेला काय म्हणायचं तेही ठरलेलं नव्हतं. माहितीपत्रकावर ‘तळ्याकाठचं नियोजित नगर’ असं छापलं होतं, रिक्षावाले ‘नया प्रोजेक्ट’ म्हणायचे आणि बदलापूर गावातले लोक नुसतं ‘तिकडं’. स्टेशनवरून निघालेली रिक्षा जुन्या गावापर्यंत यायची, पुढे यायला चालक तयार नसत. “उधर अभी कुछ नहीं है, मॅडम,” असं एकजण म्हणाला आणि मी मान हलवून उतरले. तिकडे माझं घर आहे, हे त्याला सांगायला हवं होतं, असं पुढचा रस्ता चालताना सुचलं. मला बहुतेक गोष्टी अशाच, चालताना सुचतात.

विक्रीच्या ऑफिसात काचेखाली अख्ख्या नगराची प्रतिकृती होती. पाच सेक्टर, शाळा, बाजार, दवाखाना, स्पंजची हिरवी झाडं आणि मधोमध तळं. ते निळ्या प्लास्टिकचं होतं आणि काठोकाठ भरलेलं. बाबांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, पाळ्यांमध्ये गेली. तोवर आम्ही उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. खिडकी उघडली की समोरच्या सिंधी काकींचं स्वयंपाकघर दिसायचं, आणि त्या कढीचं पातेलं हात लांब करून थेट आमच्या खिडकीत द्यायच्या. मला ते आवडायचं. बाबांना मात्र खिडकीतून लांबवर बघायचं होतं. प्रतिकृतीसमोर त्यांनी काचेवर बोट ठेवून विचारलं, “म्हणजे इथून तळं दिसणार?” विक्रीचा माणूस म्हणाला, “सर, तळंच दिसणार. दुसरं काय आहेच नाही ना.” मग त्याने फडक्याने बोटाचा ठसा पुसला.

पहिलं वर्ष गमतीचं होतं. रस्त्यांना फुलांची नावं होती आणि रस्त्यांवर खडी. ‘शाळेसाठी राखीव’ या पाटीच्या खांबाला गावातल्या शेळ्या बांधलेल्या असत. बाजाराच्या जागेवर उल्हासनगरच्या एका शेठने पत्र्याची शेड टाकली आणि तिथे किराण्यापासून बल्बपर्यंत सगळं मिळायला लागलं. संध्याकाळी आम्ही सगळे पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसायचो. समितीचे अध्यक्ष काका बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, “आपण फाउंडर मेंबर आहोत. उद्या इथे पाच हजार लोक राहतील, पण सुरुवात आपण केली.” बाबा त्यावर नुसते हसायचे, पण घरी येऊन आईला तेच वाक्य सांगायचे.

मी घरून काम करत होते, अजूनही करते. एका कंपनीच्या परदेशी ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहायची. बोलावं लागत नाही, म्हणून मला हे काम जमतं. माझं टेबल खिडकीशी होतं, चौथ्या मजल्यावर. खाली तळं, पलीकडे मातीचा जुना बांध, त्याच्या मागे डोंगर.

दिवाळीनंतर तळं उतरायला लागलं.

आधी काठ ओला दिसायला लागला, मग काळा. डिसेंबरमध्ये तर पाणी निम्म्यावर आलं आणि आमच्या बाजूला नुसता चिखल उरला. त्याला वास यायचा, कुजलेल्या पाल्यासारखा. डास वाढले. विकायला काढलेले फ्लॅट बघायला लोक येत, बाल्कनीत उभे राहत आणि लगेच निघून जात. पार्किंगमधल्या खुर्च्यांवर दुसरा विषयच नव्हता.

“ह्याला लेक व्ह्यू म्हणायचं?”

“मड व्ह्यू म्हणा.”

“पाणी जातंय कुठे, मला सांगा. लीक असणार कुठेतरी.”

आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही की तळं दर वर्षी असंच होत असेल. आम्ही ते काचेखाली भरलेलं बघितलं होतं, आणि त्यापेक्षा कमी म्हणजे बिघाड, इतकं सरळ होतं ते. अध्यक्ष काका मला म्हणाले, “बेटा, तू कॉन्व्हेंटची ना? बिल्डरला असं पत्र लिही की त्याला उत्तरच सुचलं नाही पाहिजे.”

मी लिहिलं. तक्रारीचं पत्र कसं असावं हे मला माहीत होतं, वर्षभर ती वाचण्यातच गेलं होतं. मुद्द्यांना आकडे घातले. मंजूर नकाशात दाखवलेली पातळी बारा महिने राखली जावी, ही मागणी पहिल्या ओळीत ठेवली. पाचवा मुद्दा माझा स्वतःचा होता, तो कुणी सुचवला नव्हता. खिडकीतून मला चिखल सुकला तिथे माणसं दिसायची, वाकलेली, काहीतरी लावणारी. चौथ्या मजल्यावरून चेहरे दिसत नाहीत. मी लिहिलं की पातळी घसरल्यामुळे काही बाहेरच्या व्यक्ती तळ्याच्या पात्रात लागवड करू लागल्या आहेत. पत्राला जोर येईल असं वाटलं होतं. खाली ‘रहिवाशांच्या वतीने’ म्हणून माझं नाव घातलं, कारण काकांना संगणकावर सही कशी टाकायची ते येत नव्हतं. पार्किंगमध्ये ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. टाळ्या ऐकून वर पळाले.

मे महिन्यात बांधावर काँक्रीट कालवायचं मशीन आलं. बाबांनी मला खिडकीशी बोलावलं. “तुझ्या पत्राचं काम सुरू झालं बघ.”

पुढच्या वर्षी दिवाळी झाली, देवदिवाळी झाली, आणि तळं भरलेलंच राहिलं. अगदी प्रतिकृतीतल्यासारखं. अकराची ऐंशी कुटुंबं झाली. बाबा सकाळचा चहा खिडकीत उभं राहून प्यायचे.

आमच्या गेटबाहेर गावातली एक बाई टोपली घेऊन बसायची. पन्नाशीच्या पुढची, बारीक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. आई तिच्याकडून भाजी घ्यायची आणि मी तिला मावशी म्हणायचे, म्हणजे हाक मारायची वेळ आलीच तर. पहिल्या हिवाळ्यात तिच्याकडे काकडी असायची, कोवळी, चिखल लागलेली, आणि जानेवारीनंतर वालाच्या शेंगा. आई म्हणायची, “असे वाल उल्हासनगरला नाही मिळाले कधी.” ते कुठून येतात हे आम्ही विचारलं नव्हतं.

त्या डिसेंबरमध्ये एकदा मी कोथिंबीर घ्यायला खाली गेले, तर तिने माझा हातच धरला.

“बाय, तू चवथ्या माल्यावरची ना? खिडकीत बसलेली असतेस.”

मी हो म्हटलं. मी तिला दिसत असेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

“मंग वरून बघून सांग ना मला. त्या अंगाला, जांभलीच्या खाली. पांढरा दगड दिसतो का पान्यात?”

मी वर जाऊन बघितलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली गेले तेव्हा तिने दुरूनच मान वर केली, आणि मी मान हलवून नाही सांगितलं. असं रोजचं झालं. कामावर बसण्याआधी मी जांभळीखाली बघायचे. कधी भाजी नको असली तरी सांगायला खाली उतरायचे, कारण ती वाट बघत असायची.

दगडाची गोष्ट तिने एकदम नाही, चार-पाच दिवसांत मिळून सांगितली. तळ्याच्या वर ज्याचं भाताचं खाचर, त्याच्या खालची पट्टी त्याची, पार पाण्यापर्यंत. ही गावाची रीत. देवदिवाळी झाली की गावातले लोक बांधाच्या पोटातली मोरी नारळ फोडून उघडत. पाणी बांधाखालच्या शेतांना जाई आणि इकडे तळ्याचा गाळ उघडा पडे. जसजसं पाणी मागे सरकेल तसतशी एकेक ओळ पेरत खाली जायचं. खत लागत नाही, शिंपावं लागत नाही. प्रत्येक पट्टीच्या चार कोपऱ्यांना चार दगड, ते वर्षातले आठ महिने पाण्याखाली असतात. वरचे दोन आधी दिसतात.

“आमच्या सासूनं लावलेले. तिला तिच्या सासूनं जागा दाखवलेली,” ती म्हणाली. “वरचं खाचर गेलं. दिरानं आन् माझ्या पोरांनी सही केली, तुमची बिल्डिंग हाय ना, तेच आमचं खाचर. ते कागदावर व्हतं, म्हनून गेलं. ही पट्टी कागदावर नव्हतीच. मंग ती कशी जाईल?”

मी म्हटलं, “मोरी उघडली नाही का यंदा?”

“सिमिट मारलं तिला. कंपनीच्या मानसांनी. त्यांना कोनी सांगितलं काय म्हाईत.” ती जुडीतली पिवळी पानं काढत होती. “खालची शेतं गेली ना. पानी कुनाला पायजेल? कोन बोलनार? आता माझं एकटीचंच काम र्‍हायलंय त्या मोरीशी.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी पैसे दिले आणि वर आले. कोथिंबीर तिथेच विसरले, ती तिने वॉचमनकडून पाठवली.

दोन दिवसांनी तिनेच विचारलं, अर्ज लिहून देशील का. तिच्या सुनेने मराठीत लिहिलेला कंपनीच्या ऑफिसातल्या साहेबाने बाजूला ठेवला होता. “तू विंग्रजीत दे. विंग्रजीतला वाचतो तो. पौष लागायच्या आत पानी सोडलं तर अजून वाल येतो. नंतर ऊन चढतं, फूल गलतं.”

तो अर्ज लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पहिलं पत्र एका तासात झालं होतं. जी जमीन चार महिनेच असते, जिचा सातबारा नाही, पण जिची हद्द सगळ्यांना ठाऊक आहे, तिला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सापडेना. जे शब्द सुचत होते ते सगळे अतिक्रमणाच्या जवळ जाणारे होते. शेवटी मी लांब वाक्यं लिहिली, आणि तिला सगळं मराठीतून वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, म्हणाली, “बराबर हाय. जांभलीचं लिव. जांभल सगल्यांना म्हाईत हाय.” मी जांभळीचं घातलं.

ती एकटी गेली असती. मीच म्हटलं, मी येते. का म्हटलं, सांगता येत नाही. कदाचित तिच्यासमोर काहीतरी धाडसाचं करून ते पहिलं पत्र मिटवता येईल असं वाटलं असेल.

ऑफिसातला साहेब माझ्याच वयाचा, कल्याणचा मुलगा होता. चांगला वागला. दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. अर्ज पूर्ण वाचला. मग उठून कपाटातून एक फाइल काढली, तिच्यातला सगळ्यात वरचा कागद अर्जाशेजारी ठेवला आणि दोन्हीकडे बघत राहिला. तसेच आकडे, तसाच समास, खाली तेच नाव.

“मॅडम, हे तुमचंच ना?”

मी हो म्हटलं.

“मग मी करू काय, सांगा ना. पहिल्यांदा तुम्ही बोलता पानी ठेवा, आता बोलता सोडा. ह्याच लेटरवर वरून अप्रूवल आलं. मोरी सील केली.”

मावशीने माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून विचारलं, “काय म्हनतो? कसला कागद?”

त्याने सांगितलं. वाईट हेतूने नाही, तिला कळावं म्हणून, सावकाश, मुद्द्यामुद्द्याने. पाचवा मुद्दाही. “बाहेरची माणसं तळ्यात शेती करतात, असं मॅडमनी कळवलं होतं.” तेव्हा तो जरा अडखळला. त्याच्याही लक्षात आलं असावं की ती माणसं म्हणजे समोर बसलेली ही बाई. मग म्हणाला, “तुमच्या कमिटीने लिहून दिलं की पातळी कमी चालेल, तर मी वर पाठवतो. मला काय, पानी आहे ते.”

परत येताना ती पुढे चालत होती, मी मागे. रस्त्याला तगरीचं नाव होतं, पाटी एव्हाना गंजली होती. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, “वास यायचा तुम्हाला?”

“हो.”

“येतो. चिखलाचा येतो. आठ दिस. मंग ऊन लागलं का जातो.” थोडं चालून झाल्यावर, “मला विचारायचंस ना. मी खालीच व्हते.”

मी सॉरी म्हटलं. सॉरीच म्हटलं. मराठीत माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण ते मला नाटकातलं वाटलं. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिने गेटजवळून नेहमीसारखी मान वर करून विचारलं, दगड दिसला का, आणि मला ते तिच्या रागावण्यापेक्षा कठीण गेलं.

समितीच्या सभेत बोलण्यासाठी मी कागदावर मुद्दे काढले. खुर्च्या आता पुरत नव्हत्या, लोक गाड्यांना टेकून उभे होते. मी उभी राहिले, बोलले, आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, “जरा लाउडली, प्लीज.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोरी, पट्टी, रीत. सगळं काढायला नको, फक्त जांभळीपर्यंत पाणी उतरवलं तरी चालेल, असंही सांगितलं. वास आठ दिवस येतो, हेही.

“म्हणजे आपण ‘लेक व्ह्यू’ काढून ‘काकडी व्ह्यू’ लिहायचं,” एकजण म्हणाला आणि लोक हसले. वाईट हसले नाहीत. मलाही थोडं हसू आलं, ते मला अजून आठवतं.

तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “गरीब आहे गं बिचारी. आपण तिला गेटच्या आत टेबल देऊ या. मोठी छत्रीपण देऊ. उन्हात बसते.” ही सूचना सगळ्यांना आवडली. अध्यक्ष काकांनी ती लिहून घेतली. मग पाण्याचं विचारलं, कुणाला पातळी कमी करायची आहे. मी हात वर केला. आईने केला. बाबा खुर्चीच्या हातावरचा चिकटलेला रंग नखाने काढत बसले होते.

घरी आल्यावर ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. “त्या बाईचं मला वाईट वाटतं गं,” ते म्हणाले. “पण मी त्या पाण्यासाठी आलो इथे.” त्यांच्याविरुद्ध मला काही सापडत नव्हतं.

टेबल आलं, छत्रीही आली. छत्रीवर विक्रीच्या ऑफिसाचं चिन्ह होतं. मावशीने टेबलावर टोपली ठेवली आणि आपण शेजारी जमिनीवर बसली. टोपलीत आता उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली मेथी असायची. सभेत काय झालं ते मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या आयनं हात वर केला? भली बाई.”

पौष अर्धा गेला होता. एका सकाळी शिट्टीचा आवाज आला, थांबून थांबून, मग सलग. मी बघितलं तर जांभळीखाली मावशी पाण्यात होती. कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हात बाजूला धरून, एकेक पाऊल चाचपत चाललेली. थोडी डावीकडे जायची, थांबायची, परत यायची. वरून मला ती पट्टी दिसायला लागली, म्हणजे तिच्या चालण्यातून. अरुंद होती, लांबलचक, आमच्या इमारतीकडून तिरकी खाली गेलेली. खालच्या टोकाला पाणी तिच्या छातीला लागलं, तेव्हा मी जिना उतरायला धावले.

मी पोचले तोवर ती बाहेर आली होती. वॉचमन शिट्टी हातात धरून उभा होता. “अम्मा, डूब जाती तो मेरी नौकरी जाती.”

“मी कशाला बुडते? घर हाय माझं ते,” ती त्याला म्हणाली. मला बघून लुगडं पिळत म्हणाली, “चारी हायत. एकपन हालला नाय. खालचा जरा रुतलाय.” तिचे ओठ निळे पडले होते आणि ती खुशीत होती. मी तिला माझी ओढणी दिली. ती घेतली नाही, ओली होईल म्हणाली.

त्याच दुपारी समितीच्या ग्रुपवर अध्यक्ष काकांचा निरोप आला. दुर्घटना टळली, आता बांधावर तीन भाषांत बोर्ड लावायचा, मजकूर मी करून द्यावा. मी दिवसभर उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आणि फोनवर मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी तीन ओळी लिहून पाठवल्या. पाठवण्याआधी इंग्रजीतलं व्याकरण तपासलंही.

बोर्ड आठवड्यात लागला. निळा, मोठा, पांढऱ्या अक्षरांचा. मावशी त्याच्यासमोर उभी होती, नेहमीच्या वेळी तिला खिडकीतून बघून मी बांधावर गेले. सूनबाई माहेरी गेली होती, नाहीतर तिच्याकडून वाचून घेतलं असतं, असं ती म्हणाली.

“काय लिवलंय?”

“तळ्याच्या पाण्यात उतरायला सक्त मनाई आहे.”

“पान्यात?”

“हो.”

तिने बोर्ड वरून खालपर्यंत बघितला. तिन्ही ओळी, एकेक करून. “आन् पानी नसलं, जमीन असली, मंग?”

“त्याबद्दल काही लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. तिने डोक्यावरची टोपली उतरवून बांधावर ठेवली आणि जांभळीकडे तोंड करून बसली. पाणी बोर्डाच्या खांबापासून हातभर अंतरावर होतं.